कूलर चालतो, मग गाणं का नडतं?

मे महिन्यात अकोला, यवतमाळ, चंद्रपूरकडे पारा ४५ च्या आसपास गेला की घरातला कूलर दिवसरात्र बंद होत नाही. पत्र्याचा मोठा डबा, तीन बाजूंना ताट्या, आत पंखा आणि पाण्याची छोटी मोटर. त्याच्याजवळ बसून बोलायचं तर आवाज चढवावा लागतो. पण त्याच कूलरसमोर बसून पोट्टे पोलीस भरतीचं सामान्य ज्ञान पाठ करतात, घरची सून बचत गटाचं रजिस्टर लिहिते, आणि दुपारभर कोणाची तक्रार नसते. मग ओसरीत कोणीतरी फोनवर बोलायला लागतं, 'हाव... नाई नाई... मंग काय म्हणे तो?' आणि वाचलेली ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचावी लागते. फोनवरचं बोलणं कूलरपेक्षा मोठं नसतंच. तरी नडतं तेच.

अभ्यासाला किंवा कामाला बसताना गाणं लावावं की शांत बसावं, या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. आपण आवाज किती मोठा आहे ते बघतो. मेंदू मात्र आवाज किती बदलतो ते बघतो. कार्डिफ विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डिलन जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. एकसारखा चालणारा आवाज मेंदू थोड्या वेळात बाजूला टाकतो. चढणारा, उतरणारा, थांबून पुन्हा सुरू होणारा आवाज त्याला टाकता येत नाही. कूलरची घरघर तासभर तीच असते. बोलण्यात मात्र प्रत्येक अक्षरागणिक आवाज वेगळा होतो, आणि गाण्याचंही तेच. याची परीक्षा भारनियमनाच्या वेळी आपोआप होते. लाईन गेली, कूलर थांबला, की घरातले सगळे एकदम मान वर करतात. आवाज बंद होणं हाही बदलच.

कूलर आणखी एक उपकार करतो. त्याच्या घरघरीत जाड-बारीक सगळ्या पट्ट्यांचे आवाज मिसळलेले असतात, त्यामुळे बाहेरचं बोलणं त्याच्याखाली दबतं. शब्द ओळखू येईनासे झाले की त्यांचा त्रासही कमी होतो. शहरात लोक यासाठी मोबाईलवर पावसाचा किंवा पंख्याचा आवाज लावतात. आपल्याकडे उन्हाळ्याचे चार महिने ही सोय वीजबिलातच येते.

आता दुसरं अर्धं. गाणं कोणाला नडतं आणि कोणाला नाही, हे काम कुठलं आहे त्यावर ठरतं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ अॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो. एखादी गोष्ट थोडा वेळ डोक्यात धरून ठेवायची असेल तर आपण ती मनातल्या मनात पुटपुटत राहतो. कोणी फोन नंबर सांगितला आणि लिहायला पेन सापडेना, तर तो सापडेपर्यंत आकडे ओठांत घोळवतो ना, तेच. नदीच्या उतारावरून एका वेळी एकच बंडी जाते, तसं या पुटपुटण्याच्या वाटेवरून एका वेळी एकच बोलणं नीट जातं. आणि कानावर पडलेले शब्द परवानगी न विचारता त्याच वाटेवर घुसतात. डोळे मिटता येतात, कानाला पापणी नाही.

हे प्रयोगात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. माणसांना एकापाठोपाठ एक अक्षरं किंवा आकडे दाखवायचे आणि त्याच क्रमानं लिहायला सांगायचे. कानावर बोलणं पडत असेल तर चुका वाढतात. १९७६ मध्ये कोल आणि वेल्श या दोन अमेरिकन संशोधकांनी प्रयोगात वापरलेलं बोलणं जर्मन होतं. ऐकणाऱ्यांना ते कळत नव्हतं आणि त्याकडे लक्ष देऊ नका असंही सांगितलं होतं. तरी चुका वाढल्या. म्हणजे 'मी कोरियन गाणी लावतो, अर्थ कळतच नाही, त्यामुळे त्रास नाही' हे म्हणणं पाठांतराच्या बाबतीत टिकत नाही. अर्थ कळला नाही तरी अक्षरांची चढउतार कानात जातेच.

आवडत्या गाण्यालाही यातून सूट नाही. निक पेरहॅम आणि जोआन व्हिझार्ड यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात त्याच माणसांच्या कानावर एका वेळी त्यांच्या आवडीचं संगीत होतं, एका वेळी नावडतं, एका वेळी शांतता होती, आणि एका वेळी नुसतं 'तीन, तीन, तीन, तीन' असं एकाच सुरातलं बोलणं चालू होतं. क्रमानं आठवण्याच्या कामात आवडतं आणि नावडतं संगीत सारखंच नडलं. शांतता बरी ठरली आणि ते कंटाळवाणं 'तीन, तीन'ही बरं ठरलं. बोलणं असूनही ते बदलत नव्हतं, आपल्या कूलरसारखंच. 'माझं आवडतं गाणं आहे, मला त्याची सवय आहे' असं म्हणणाऱ्या पोरांना हे पटत नाही, कारण गाणं चालू असताना अभ्यास छान झाल्यासारखा वाटतो. मन खूश असतं, वेळ लवकर जातो. पण वेळ लवकर जाणं आणि पाठ होणं ही दोन वेगळी खाती आहेत.

नुसत्या वाद्यांचं संगीत गाण्यापेक्षा कमी नडतं. बॅडली आणि पिएर सलामे यांनी १९८९ मध्ये हे तपासलं होतं. बासरी, संतूर, सतार हे पर्याय म्हणून ठीक. पण जो भजनी मंडळात पेटी किंवा तबला वाजवतो, त्याचा कान बासरीवरही जाईल. तान कुठे घेतली, सम कुठे आली, हे तो बघत राहणारच. मला वाटतं, काही संगीत पाठीमागे लावून ठेवण्यासाठी जन्मलेलंच नाही. तुकडोजी महाराजांच्या परंपरेतली खंजेरी भजनं घ्या. ती झोपलेल्या गावाला उठवायला होती. ती लावून तलाठी परीक्षेचं पुस्तक उघडलं, तर दोघांवरही अन्याय.

वाचून समजून घ्यायचं असेल तर आणखी एक गोष्ट आडवी येते. इथे अर्थाला अर्थ भिडतो. आपण धडा वाचतो आहोत आणि शेजारी कोणी आपल्याच बोलीत काही सांगतंय, तर दोन्हीकडचा अर्थ लावायला मेंदू एकच. म्हणून वाचताना कळणाऱ्या भाषेतलं बोलणं न कळणाऱ्या भाषेपेक्षा जास्त त्रास देतं. आणि त्यातही सगळ्यात वाईट ते फोनवरचं अर्धवट संभाषण. कॉर्नेल विद्यापीठात लॉरेन एम्बरसन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं की दोघांचं पूर्ण संभाषण ऐकू येण्यापेक्षा एकाच बाजूचं बोलणं ऐकू आलं तर लक्ष जास्त विचलित होतं. पलीकडचा काय म्हणाला असेल हे मेंदू भरत बसतो. 'मंग काय म्हणे तो?' ऐकलं की आपणही 'काय म्हणे?' याची वाट बघतो, मामला आपला नसला तरी.

स्वतःचं नाव तर कशातूनही वाट काढतं. नेव्हिल मोरे यांनी १९५९ मध्ये लोकांना एका कानात ऐकू येणारा मजकूर मोठ्यानं म्हणत राहायला लावलं आणि दुसऱ्या कानात मधेच त्यांचं नाव घातलं. सुमारे एक तृतीयांश लोकांना दुसऱ्या कानातलं ते नाव ऐकू आलं. बाकी त्या कानात काय चाललंय याचा त्यांना पत्ता नव्हता. आपल्या घरांत अभ्यासाला बसलेल्या पोरीला 'अवं, जरा गॅस बंद कर' म्हणून दर थोड्या वेळानं हाक पडते. संगीत आणि शांततेचा वाद घालण्याआधी ही हाक थांबवता आली तर जास्त फायदा होईल. ती हाक पोराला कमी आणि पोरीला जास्त पडते, हेही सांगून टाकतो.

इथवर वाचून कोणाला वाटेल की गाणं म्हणजे कामाचा शत्रू. मग भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात रोवणीच्या वेळी बाया गातात ते कशाला? जात्यावर ओव्या कशाला जन्मल्या? गी पॉइतव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या लाखाच्या वर जाते. एवढं गाणं काम बिघडवणारं असतं तर टिकलंच नसतं.

उत्तर त्या पुटपुटण्याच्या वाटेतच आहे. चिखलात रोप खोवताना, जातं ओढताना, पऱ्हाटीतून कापूस वेचताना हाताला काम ठाऊक असतं. त्याला शब्द लागत नाहीत, आकडे लागत नाहीत. ती वाट मोकळी असते, म्हणून गाणं तिथून खुशाल जातं. उलट काम एकसुरी असल्यानं मन कंटाळतं, आणि कंटाळलेलं मन हाताला सुस्त करतं. त्यात रोवणीसारख्या कामात ताल असतो. सगळ्या जणी एका लयीत वाकल्या तर ओळ सरळ राहते आणि मागे कोणी पडत नाही. शरीराला थकवा कमी जाणवतो, हे व्यायामाच्या वेळी संगीत ऐकवून केलेल्या अभ्यासांतही दिसलं आहे, फार दमवणारा व्यायाम नसेल तोवर. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, जून १९४० पासून, बीबीसीनं कारखान्यांतल्या कामगारांसाठी मुद्दाम संगीताचा रोजचा कार्यक्रम सुरू केला, तोही एकसुरी हातकामासाठीच. हिशेबनीसांसाठी नव्हे.

कापसाच्या काट्यावर हा फरक एकाच वावरात बघायला मिळतो. दिवसभर बाया गप्पा मारत, मोबाईलवर गाणी लावून वेचतात, आणि हात थांबत नाहीत. संध्याकाळी काट्यावर वजन सुरू झालं, कोणाचे किती किलो हे लिहायला कोणी बसलं, की तीच बाई ओरडते, 'बंद करा व ते गाणं, आकडा चुकते!' तिनं बॅडलीचं नाव ऐकलेलं नाही. गरजही नाही.

हेच मोजमाप इतर कामांना लावून बघा. ब्लाऊज शिवणारी बाई टीप मारताना रेडिओ ऐकते आणि माप घेऊन कापड कापताना बंद करते. कृषी केंद्रात गोण्या उतरवताना गाणं चालतं, उधारीच्या वहीत नाही. आशाताई घरोघरी फिरून आल्यावर रजिस्टर भरते तेव्हा समोर टीव्हीवर मालिका चालू नको. त्याच कामाचं स्वरूपही बदलत जातं. ट्रॅक्टर नवा शिकत असाल तर गाणं बंद, कारण क्लच आणि गिअरचं प्रत्येक पाऊल अजून मनात बोलून करावं लागतं. हात बसल्यावर ते बोलणं थांबतं.

जागलीचं काम मात्र या दोन्हींत बसत नाही. हरभऱ्यात, तुरीत रानडुकरं घुसतात म्हणून रात्रभर मचाणावर बसायचं. हातालाही काम नाही आणि डोक्यालाही नाही, फक्त जागं आणि सावध राहायचं. अशा पहाऱ्याच्या कामात माणूस किती लवकर ढिला पडतो हे नॉर्मन मॅकवर्थ यांनी रडारवर नजर ठेवणाऱ्या सैनिकांच्या संदर्भात तपासलं आणि १९४८ मध्ये मांडलं. पहिल्या अर्ध्या तासातच चुका वाढायला लागतात. इथे रेडिओ उपयोगाचा, तो माणसाला जागं ठेवतो आणि त्याच्या आवाजानं रानडुकरांना माणसाची चाहूलही लागते. पण तो बाजूला ठेवलेला रेडिओ हवा, कानात खुपसलेला इअरफोन नको. ज्या आवाजासाठी बसलो आहोत तोच त्यानं बंद होतो.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूलकडे तर हा जिवाचा प्रश्न आहे. मोहफुलं वेचताना, तेंदूपत्ता तोडताना माणूस खाली वाकलेला असतो, आणि वाघाची पहिली खबर डोळ्याला मिळत नाही. माकडाचा, चितळाचा इशारा कानालाच येतो. थ्रेशर आणि कडबाकुट्टीच्या बाबतीतही तेच. पट्टा सुटण्याआधी, काही अडकण्याआधी यंत्राचा आवाज बदलतो, तो ऐकू यायला पाहिजे. शिवाय थ्रेशरच्या गोंगाटावर मात करायला इअरफोनचा आवाज वाढवत नेला तर कानाचं नुकसान ठरलेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० डेसिबलचा फक्त ४ तास.

आता यूट्यूबवरच्या दाव्यांकडे वळू. 'बुद्धी वाढवणारं संगीत' ही कल्पना कुठून आली? कॅलिफोर्नियात फ्रान्सिस राउशर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ३६ विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्ट ऐकवला. नंतर आकृत्यांच्या एका प्रकारच्या कोड्यांत त्यांचे गुण थोडे वाढले, आणि पंधराएक मिनिटांत तो फरक ओसरला. एवढंच. त्यावरून बाळांना मोझार्ट ऐकवायची लाट आली. जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरनं १९९८ मध्ये प्रत्येक नवजात बाळाला सरकारी खर्चानं संगीताची सीडी द्यायचा प्रस्ताव मांडला. पुढे २००१ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी दाखवलं की करामत मोझार्टची नव्हती. आनंदी, जलद संगीतानं माणूस तरतरीत होतो, मन प्रसन्न होतं, आणि तरतरीत माणूस कोडी बरी सोडवतो. संथ, उदास संगीतानं तसा फायदा झाला नाही.

या गोष्टीतला कामाचा भाग सहसा सुटतो. विद्यार्थ्यांनी संगीत ऐकलं ते परीक्षेच्या आधी. परीक्षा चालू असताना नाही. म्हणून ज्याला गाण्याशिवाय करमत नाही त्यानं आवडीचं गाणं पूर्ण लावावं, हवं तर सोबत गावं, आणि मग बंद करून पुस्तक उघडावं. दोन्ही गोष्टी पदरात पडतात. 'अल्फा लहरी', दोन्ही कानांत वेगवेगळे सूर सोडणारे व्हिडिओ, अमुक इतक्या हर्ट्झचं जादुई संगीत यांचे निष्कर्ष कधी असे कधी तसे आलेले आहेत. त्यावर पैसे खर्च करू नयेत असं माझं मत. आणि फुकटच्या व्हिडिओत मधेच जाहिरात ओरडते. एकसारख्या आवाजात अचानक आलेला असा धक्का लक्ष सगळ्यात सहज खेचून नेतो.

राहिली शांतता. ती गावात आयती मिळते असं शहरातल्यांना वाटतं. प्रत्यक्षात सप्ताहाचा भोंगा, लग्नाचा डीजे, पिठाची गिरणी आणि एका खोलीत पाच माणसं हा आपला रोजचा मामला. आवाजाचा लहान मुलांच्या वाचनावर काय परिणाम होतो हे न्यूयॉर्कमध्ये अर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी १९७५ मध्ये दाखवलं. एका शाळेच्या एका बाजूनं उंचावरून रेल्वे जायची. त्या बाजूच्या वर्गांतली मुलं शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात मागे होती. नंतर रुळांखाली रबर घातलं, वर्गांच्या छताला आवाज शोषणारं साहित्य बसवलं, आणि पुढच्या पाहणीत तो फरक उरला नव्हता. मुलं त्याच वस्तीतली, शिक्षक तसेच. हायवेला चिकटलेल्या आपल्या जिल्हा परिषद शाळांत वर्ग कुठल्या बाजूला भरवायचा, याचा विचार करायला पैसाही लागत नाही.

कायदाही आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर भोंगा लावता येत नाही. सणासुदीला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. शाळा, दवाखाना, न्यायालय यांच्या भोवतीचं किमान १०० मीटरचं क्षेत्र शांतता क्षेत्र ठरवता येतं. गावात तक्रार करणं सोपं नसतं, भोंगा आपल्याच भावकीचा असतो. त्यापेक्षा परीक्षेच्या दिवसांपुरतं आधी बोलून ठेवलेलं चालतं.

शांतता कमवावीही लागते. गांधीजी सोमवारी मौन पाळत. १९३६ पासून मुक्काम सेवाग्रामला होता, भेटायला येणाऱ्यांची रीघ, तरी सोमवारी ते चिठ्ठीवर लिहून उत्तर देत आणि लिखाण, पत्रव्यवहार उरकत. घरातली माणसं आपल्याशी बोलणार नाहीत एवढी एक वेळ ठरवली, तरी पहाटेचा एखादा तास कुठल्याही घरात निघतो. गावागावांत निघालेल्या अभ्यासिका चालतात त्या पंखा-टेबलामुळे कमी आणि तिथे कोणी हाक मारत नाही म्हणून जास्त.

माणसामाणसात फरक आहेच. फर्नहॅम आणि ब्रॅडली यांच्या १९९७ च्या अभ्यासात पार्श्वभूमीला पॉप संगीत असताना अबोल, आतल्या स्वभावाच्या विद्यार्थ्यांना ते चारचौघांत रमणाऱ्यांपेक्षा जास्त नडलं. ज्यांचं लक्ष मुळातच टिकत नाही अशा काही मुलांना एकसारखा घरघर आवाज मदत करतो, असंही दिसलं आहे. त्यामुळे मित्राला काय चालतं ते विचारून उपयोग नाही. एकाच पुस्तकातली दोन सारख्या लांबीची प्रकरणं घ्या, एक गाणं लावून वाचा, एक शांत बसून. लगेच तपासू नका, दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून दोन्हींतलं काय आठवतं ते लिहा.

भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी एवढं वेगळं सांगतो. १९७५ मध्ये गॉडन आणि बॅडली यांनी पाणबुड्यांना काही शब्द पाण्याखाली आणि काही काठावर पाठ करायला दिले. पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखाली जास्त आठवले, काठावरचे काठावर. जिथे आठवायचं आहे तशाच जागी शिकलेलं बरं. परीक्षेच्या खोलीत पंख्याचा आवाज असतो, शेजारच्याचं पान उलटतं, गाणं नसतं. १६०० मीटरच्या मैदानी चाचणीतही कानात काही घालू देत नाहीत. सरावाला रोज इअरफोन लावून धावणाऱ्यांनी भरतीच्या आधीचे काही आठवडे तो घरी ठेवावा, म्हणजे चाचणीच्या दिवशी स्वतःचा श्वास ऐकून दचकायला होणार नाही.